सरासरीत न मावणाऱ्या नद्या

सायबेरियातली लेना नदी वर्षभरात जेवढं पाणी समुद्रात ओतते, त्याला वर्षाच्या सेकंदांनी भागलं की सेकंदाला साधारण १७,००० घनमीटर असा विसर्ग निघतो. गणितात काही खोट नाही. पण एप्रिलमध्ये ही नदी बर्फाच्या जाड थराखालून सरकत असते, तेव्हा विसर्ग दोन-तीन हजारांपर्यंत उतरलेला असतो आणि जूनच्या सुरुवातीला तो एक लाखाच्या पुढे जातो. सतरा हजारांची लेना वर्षातून दोनदा ओझरती भेटते, एकदा चढताना, एकदा उतरताना. बाकी सगळं वर्ष नदी त्या आकड्यापासून लांबच असते.

हे एवढं ताणून सांगायचं कारण असं, की उत्तरेकडच्या नद्या आणि कार्बन याबद्दल जे काही आपल्या वाचनात येतं ते बहुतेक वार्षिक आकड्यांत येतं. आर्क्टिक महासागरात नद्यांवाटे दरवर्षी सुमारे ३ कोटी ४० लाख टन विरघळलेला सेंद्रिय कार्बन जातो, हे त्यातलं नेहमीचं वाक्य. आकडा जबाबदार माणसांनी मेहनतीने काढलेला आहे, त्यावर शंका घ्यायची माझी पात्रताही नाही. पण त्या आकड्यात मे आणि नोव्हेंबर एका बाकावर बसवलेत आणि ते दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत.

मला या नद्यांचा नाद लागला तो नकाशामुळे. उत्तर ध्रुव मध्यभागी ठेवून काढलेला नकाशा पाहिला की आर्क्टिक हा समुद्र कमी आणि चहूबाजूंनी जमिनीने वेढलेलं भलंमोठं तळं जास्त वाटतो. जगातल्या एकूण समुद्राच्या पाण्यापैकी जेमतेम १ टक्का पाणी त्यात आहे, पण जगातल्या नद्या जेवढं पाणी समुद्राला देतात त्यातलं १० टक्क्यांहून जास्त एकट्या त्याच्या वाट्याला येतं. सायबेरियातून ओब, येनिसेई, लेना आणि कोलिमा, कॅनडातून मॅकेंझी, आणि कॅनडात उगम पावून अलास्कामार्गे बेरिंग समुद्राला मिळणारी युकॉन. अभ्यासक या सहा नद्या एकत्र धरतात. त्यांच्यामागे जी जमीन आहे तिच्यात, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेल्या पर्माफ्रॉस्टमध्ये, साधारण दीड लाख कोटी टन कार्बन पडून आहे. सध्या हवेत जेवढा आहे त्याच्या जवळपास दुप्पट. नद्या त्या कोठाराच्या अंगणातून वाहतात. त्यातलं काय, किती आणि कधी उचलतात, हा सगळा प्रश्न.

त्यातला ‘कधी’ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

या नद्यांचं वर्ष जानेवारीपासून मोजण्यात अर्थ नाही. जलशास्त्रातली मंडळी जलवर्ष ऑक्टोबरपासून धरतात आणि उत्तरेत तरी ते पटतं, कारण तेव्हा वरून येणारं पाणी बंद होतं. पाऊस नाही, बर्फ पडतो तो तसाच साठून राहतो, जमीन वरून खाली गोठत जाते. मग नदीत उरतं ते फक्त खोलवरचं भूजल. ते खडकांच्या संगतीत दीर्घकाळ राहिलेलं असतं, त्यामुळे नितळ असतं आणि त्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. पानापाल्यातून आलेला सेंद्रिय कार्बन मात्र अगदी थोडा. युकॉनमध्ये हिवाळ्यात लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅम. म्हणजे कार्बन आहेच, पण तो जंगलाकडून आलेला नाही, चुनखडकांकडून आणि मातीतल्या हवेतून आलेला आहे. कोलिमासारख्या नदीचं जवळपास सगळं खोरं सलग पर्माफ्रॉस्टवर असल्याने तिला खालून पाणी पुरवायलाही फारसं कोणी नाही. हिवाळ्यात ती अगदीच आटते, आणि आसपासचे लहान ओढे तळापर्यंत गोठतात.

जिथे भूजल आहे तिथे एक गंमत होते. गोठलेल्या ओढ्याखाली पाण्यावर दाब येतो, ते फट शोधून बर्फावर चढतं, पसरतं आणि गोठतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. याला सायबेरियात नालेद म्हणतात. थरावर थर चढत काही ठिकाणी कित्येक मीटर उंचीचा बर्फ साठतो आणि भर उन्हाळ्यापर्यंत टिकतो. पाणी गोठताना त्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो, विरघळलेला चुना पाण्यात राहू शकत नाही आणि त्याची पांढरी भुकटी बर्फात अडकते. नालेद वितळला की गोट्यांवर ती भुकटी पसरलेली दिसते. कार्बनच्या जागतिक हिशेबात ही भुकटी नगण्य आहे हे मान्य. पण थंडीने पाण्यातला कार्बन पिळून काढल्याची खूण अशी उघड्यावर पडलेली दुसरीकडे कुठे दिसत नाही, म्हणून मला तिचं फार अप्रूप वाटतं.

ओबचा हिवाळा याहून वेगळा आणि खरं तर भयंकर आहे. पश्चिम सायबेरियाचा सखल प्रदेश म्हणजे पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या, दलदलींचा मुलूख. एकट्या वास्युगानची दलदल ५०,००० चौरस किलोमीटरहून मोठी आहे. त्या दलदलींतलं सेंद्रिय द्रव्याने भरलेलं पाणी ओबमध्ये आणि तिच्या उपनद्यांमध्ये झिरपत राहतं. वर बर्फाचं झाकण असल्यामुळे हवेतला ऑक्सिजन आत येत नाही. जिवाणू मात्र काम थांबवत नाहीत, कार्बन खातात आणि उरलासुरला ऑक्सिजन संपवतात. स्थानिक लोक या अवस्थेला झामोर म्हणतात. झामोर पसरायला लागला की मासे त्याच्या पुढे पळतात, काही खाली खाडीकडे, काही अशा जागांकडे जिथे तळातून ताज्या भूजलाचे झरे येतात. त्या झऱ्यांना झिवून म्हणतात. तिथे मासे दाटीवाटीने हिवाळा काढतात आणि मासेमारांना ते अर्थातच ठाऊक असतं. कार्बनचं चक्र म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शाळेच्या पुस्तकातले बाण यायचे. झामोरविषयी वाचल्यापासून त्या जागी त्या झऱ्याभोवती कोंडलेले मासे येतात.

जिवाणूंच्या श्वासोच्छ्वासातून तयार झालेला कार्बन डायऑक्साइडही त्याच झाकणाखाली अडकलेला असतो. हवेशी समतोल असता तर पाण्यात जेवढा राहिला असता त्याच्या कितीतरी पट. बर्फ फुटला की तो थोड्या दिवसांत निघून जातो. हे नेमकं मोजणं मात्र महाकठीण, कारण बर्फ फुटत असताना नदीवर उतरायची कोणाची शामत नसते. बर्फ चालण्याजोगा राहिलेला नसतो आणि होडी घालण्याजोगं पाणीही अजून नसतं.

बर्फ कधी फुटला याची नोंद मात्र माणसांनी फार जुनी ठेवली आहे. स्वीडन आणि फिनलंडच्या सीमेवरून वाहणाऱ्या तोर्ने नदीची नोंद १६९३पासून आहे. अलास्कातल्या नेनाना गावी तानाना नदीचा बर्फ कधी सुटणार यावर १९१७पासून लोक पैसे लावतात. बर्फावर लाकडी तिकाटणं उभं करतात, त्याची दोरी काठावरच्या घड्याळाला बांधतात. तिकाटणं सरकलं की घड्याळ बंद पडतं. शंभराहून जास्त वर्षांची मिनिटापर्यंत अचूक नोंद विज्ञानाला फुकटात मिळाली ती जुगाराच्या कृपेने, कारण पैसे लागले की माणूस वेळेच्या बाबतीत फार काटेकोर होतो. २०१९ साली तिथला बर्फ १४ एप्रिललाच सुटला. त्याआधी इतक्या लवकर कधीच सुटला नव्हता.

सायबेरियातल्या मोठ्या नद्यांना आणखी एक अडचण आहे. त्या दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतात. वसंत दक्षिणेत आधी येतो, वरचं पाणी सुटून धावत खाली येतं आणि खाली बर्फ अजून घट्ट असतो. मग बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढून बांध तयार होतो आणि मागे पाणी तुंबतं. २००१च्या मे महिन्यात लेनाकाठचं लेन्स्क हे शहर अशाच तुंबाऱ्यात बुडालं आणि बर्फ फोडायला लष्कराच्या विमानांनी नदीवर बॉम्ब टाकले.

या पुराच्या काही आठवड्यांत वर्षभराच्या विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनचा फार मोठा वाटा वाहून जातो. नदीनुसार एक तृतीयांश, काही ठिकाणी निम्मा किंवा त्याहून जास्त. याचं कारण केवळ पाणी जास्त, एवढंच असतं तर गोष्ट सोपी होती. पूर आला की पाण्यात विरघळलेल्या बऱ्याच गोष्टी पातळ होतात. बायकार्बोनेटचं या नद्यांमध्येही तेच होतं. सेंद्रिय कार्बन उलटा वागतो. विसर्ग वाढतो तसं लिटरमागचं प्रमाणही वाढतं. युकॉनमध्ये हिवाळ्यातले दोन-तीन मिलिग्रॅम मेअखेरीस दहाच्या वर गेलेले असतात.

याचं उत्तर पायाखाली आहे. मे महिन्यात सूर्य रात्रीही जेमतेम मावळतो आणि साठलेला बर्फ झपाट्याने वितळतो, पण त्याखालची जमीन अजून दगडासारखी गोठलेली असते. पाण्याला खाली मुरायला वाव नाही. ते पसरतं ते वरच्या वीतभर थरात, शेवाळ, दगडफूल, बर्च आणि लार्चची गेल्या शरदातली पानं, अर्धवट कुजलेल्या काड्या यांच्यामधून. हिवाळाभर गोठून पेशी फुटलेल्या या पाल्यातून रंग आणि कार्बन लगेच सुटतो, आणि नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं होतं.

हा कार्बन तरुण असतो. ते कळतं कार्बन-१४ या कार्बनच्या किरणोत्सारी प्रकारामुळे, आणि त्यातही अणुचाचण्यांमुळे. १९५०च्या दशकात आणि १९६०च्या सुरुवातीला हवेत केलेल्या स्फोटांनी उत्तर गोलार्धातल्या कार्बन-१४चं प्रमाण जवळपास दुप्पट केलं आणि १९६३नंतर ते उतरत गेलं. त्यानंतर वाढलेल्या प्रत्येक पानावर आपापल्या वर्षाचा शिक्का बसला आहे. वसंतातल्या पुराच्या पाण्यात तोच शिक्का सापडतो. त्यातला पुष्कळसा कार्बन गेल्या पाच-दहा वर्षांत हवेतून झाडात आणि झाडातून जमिनीवर आलेला असतो. हजारो वर्षांच्या गोठलेल्या कोठारावरून नदी वाहते आणि वर्षातलं सर्वांत मोठं ओझं उचलते ते मात्र वरवरचं, परवाचं.

पूर्वी असं मानलं जायचं की आर्क्टिक नद्यांमधला विरघळलेला कार्बन चिवट असतो, जिवाणूंना तो पचत नाही, समुद्रात तो नुसता फिरत राहतो. २००८ साली अलास्काच्या उत्तर उतारावरच्या नद्यांचं काम प्रसिद्ध झालं. उन्हाळ्यात भरलेल्या बाटल्या प्रयोगशाळेत ठेवून दिल्या तर त्यातला कार्बन जवळपास तसाच राहिला. वसंतातल्या पुरात भरलेल्या बाटल्यांमधला २० ते ४० टक्के नाहीसा झाला. मग लक्षात आलं की जुने निष्कर्ष बहुतेक उन्हाळी नमुन्यांवर उभे होते. आणि नमुने उन्हाळीच का? कारण उन्हाळ्यात विमानं उतरतात, रस्ते चालू असतात, विद्यापीठांना सुट्टी असते. नदीच्या स्वभावाविषयी म्हणून जे पुस्तकात गेलं होतं, त्यात संशोधकांच्या सुट्ट्यांच्या वेळापत्रकाचा वाटा बराच होता. २००३पासून सहाही नद्यांच्या मुखाजवळ एकाच पद्धतीने, सर्व ऋतूंमध्ये नमुने घ्यायचं काम सुरू झालं, ज्याला पुढे आर्क्टिक ग्रेट रिव्हर्स ऑब्झर्व्हेटरी हे नाव मिळालं. त्याचं मोल मला या एका गोष्टीमुळे कळलं. भर हिवाळ्यात बर्फाला गिरमिटाने भोक पाडून बाटली भरणाऱ्या स्थानिक माणसांची नावं शोधनिबंधांच्या मथळ्यात येत नाहीत. पण ३ कोटी ४० लाखांचा आकडा त्यांच्या बाटल्यांवर उभा आहे.

पुराबरोबर दुसरा एक कार्बन जातो, तो विरघळलेला नाही आणि बारीकही नाही: आख्खी झाडं. काठ खचतो, लार्च आणि स्प्रूस मुळांसकट पाण्यात पडतात आणि समुद्राकडे निघतात. काही वाटेतच अडकतात; मॅकेंझीच्या त्रिभुज प्रदेशात पडून असलेल्या ओंडक्यांमध्ये सुमारे ३१ लाख टन कार्बन असल्याचा हिशेब आहे. काही समुद्रबर्फात गोठून ध्रुवापलीकडे जातात. ग्रीनलंडच्या वृक्षहीन किनाऱ्यावर इनुइट लोकांनी घरांना आणि होड्यांना वापरलेलं लाकूड यातलंच. सायबेरियाच्या उत्तरेला १८८१ साली चिरडून बुडालेल्या जीनेट जहाजाच्या वस्तू १८८४मध्ये ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला सापडल्या, आणि असल्या वाहत आलेल्या सामानावरूनच नॉर्वेचा शोधप्रवासी नान्सेन याने ओळखलं की बर्फ सायबेरियाकडून अटलांटिककडे सरकतो. १८९३मध्ये त्याने फ्राम जहाज मुद्दाम त्या बर्फात गोठवून घेतलं. पुढे शंभर वर्षांनी त्याच वाटेवर, उघड्या समुद्राच्या पाण्यात, लाकडातल्या लिग्निनचे रेणू मोजले गेले. ओंडक्यांबरोबर ओंडक्यांचा काढाही तोच प्रवास करत होता.

आता उन्हाळा. इथे मला स्वतः पाहिलेलं सांगता येईल, कारण एका उन्हाळ्यात अलास्कातल्या फेअरबँक्सला काही काळ राहायचा योग आला होता. शहरातून चेना नदी वाहते आणि गावाबाहेर ती तानानाला मिळते. चेनाचं पाणी तपकिरी पण पारदर्शक. हात बुडवला तर बोटं पिवळसर दिसतात. तानाना अलास्का पर्वतरांगेतल्या हिमनद्यांचं पाणी आणते, त्यामुळे ती राखाडी, अपारदर्शक, सिमेंट कालवल्यासारखी. दोन्ही पाणी बराच वेळ शेजारून वाहतात, मध्ये रेघ आखल्यासारखी. आम्ही सपाट तळाच्या अॅल्युमिनियमच्या होडीतून ती रेघ ओलांडली. इंजिन बंद केलं आणि पलीकडे गेल्यावर होडीच्या तळाखालून बारीक, सततचा सर्रऽऽ असा आवाज यायला लागला. तो गाळाचे कण पत्र्यावर घासल्याचा आवाज होता. चेनाच्या बाजूला गेलो की थांबायचा, तानानात आलो की पुन्हा सुरू. विरघळलेला कार्बन आणि गाळाबरोबरचा कार्बन हा फरक मी तोवर कोष्टकांच्या दोन रकान्यांत पाहिला होता. तो कानांनी ऐकू येतो हे तिथे कळलं.

हा फरक प्रयोगशाळेत ठरतो तो एका गाळणीवर. काचतंतूंची पांढरी, रुपयाहून थोडी मोठी चकती. तिच्या स्वतःच्या अंगावर कार्बन राहू नये म्हणून ती आधी ४५० अंशांवर भाजून घेतात आणि मग चिमट्यानेच उचलतात. चेनाचं पाणी तिच्यातून सहज उतरलं आणि चकतीवर फिकट डाग राहिला. तानानाचं पाणी पेलाभर ओतेपर्यंत चकती राखाडी होऊन तुंबली, आणि खाली आलेलं पाणी जवळपास बिनरंगी होतं. चकतीतून जे उतरलं ते ‘विरघळलेलं’, जे राहिलं ते ‘कण’. सीमा साधारण ०.७ मायक्रोमीटरची, आणि ती निसर्गाने घातलेली नाही, गाळण्या बनवणाऱ्यांनी घातलेली आहे. तरी ती कामाची आहे, कारण दोन्ही बाजूंच्या कार्बनचं पुढचं नशीब वेगळं निघतं.

चकतीवरचा कार्बन सहसा म्हातारा असतो. काठ खचून, उतार घसरून आलेला, हजारो वर्षांचा. मॅकेंझी या बाबतीत सगळ्यांत पुढे. रॉकी पर्वतातून येणाऱ्या उपनद्या तिला गाळ पुरवतात. तिच्या गाळातला वनस्पतींपासून आलेला कार्बन सरासरीने ५,००० वर्षांहून जुना निघाला. म्हातारा कार्बन सुटला म्हणजे वाईटच, असं आपण धरून चालतो. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की तो गाळ बोफोर्ट समुद्राच्या तळाशी पटापट गाडला जातो, आणि अशा रीतीने वर्षाला २० लाख टनांच्या आसपास कार्बन हवेत न जाता तळाशी जातो. नदी इथे कोठार फोडते आणि माल दुसऱ्या कोठारात भरते. वाटेत किती सांडतो हा वाद अजून संपलेला नाही.

चकतीतून उतरलेल्या तपकिरी कार्बनवर उन्हाळ्यात दुसरंच संकट येतं: ऊन. अलास्काच्या उत्तर उतारावर टूलिक सरोवराजवळ एक संशोधन केंद्र आहे, तिथे ओढ्यांवर आणि तळ्यांवर केलेल्या कामात २०१४ साली दिसलं की पाण्यात असताना कार्बनवर जी काही प्रक्रिया होते त्यातली ७० ते ९५ टक्के सूर्यप्रकाशामुळे होते. मातीच्या अंधारात हा कार्बन कधी उन्हाला सामोराच गेलेला नसतो. चोवीस तासांच्या उजेडात उथळ ओढ्यातून जाताना त्याचे मोठे रेणू तुटतात, काही थेट कार्बन डायऑक्साइड होतात, काही जिवाणूंना खाता येतील इतके लहान होतात. जून-जुलैत नदीचा रंग उतरतो त्यात याचा हात असतो. राखाडी नद्यांना मात्र हे लागू नाही. गाळ ऊन आत जाऊच देत नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरचं नदीवर वर्णन करण्यासारखं काही घडत नाही आणि फोटोही कोणी काढत नाही. पण जमिनीत याच वेळी सर्वांत खोलवर हालचाल चालू असते. उन्हाळाभर वितळत गेलेला वरचा थर आता वर्षातला सर्वांत जाड झालेला असतो, कुठे हातभर, कुठे मीटरभर. पावसाचं पाणी आता पाल्यातून न जाता खालच्या मातीतून जातं. तिथले खनिज कण विरघळलेला कार्बन स्वतःला चिकटवून घेतात, त्यामुळे नदीतलं प्रमाण घटतं. आणि जो थोडा येतो त्याचं वय वाढलेलं असतं. कोलिमावर हे नीट दिसलं आहे: जूनमध्ये तरुण, उन्हाळा संपताना जुना.

कोलिमाच्याच काठी, चेर्स्की गावाच्या वरच्या अंगाला, दुवान्नी यार नावाचा कडा आहे. कित्येक मीटर जाडीच्या शुद्ध बर्फाच्या पाचरी आणि त्यांच्यामध्ये गोठलेली बारीक माती, तिच्यात हिमयुगातल्या गवताची मुळं आणि मॅमथची हाडं. या मातीला येदोमा म्हणतात. नदी कडा पोखरते, उन्हाने तो वितळतो, आणि खालून गढूळ पाण्याचे लहान लहान ओहोळ निघतात. चेर्स्कीला सेर्गेई झिमोव यांनी उभं केलेलं संशोधन केंद्र आहे आणि तिथून गेलेल्या लोकांनी या ओहोळांमधलं पाणी भरून आणलं. त्यातला कार्बन २०,००० वर्षांहून जुना होता. इतकं जुनं म्हणजे बेचव, निःसत्त्व असणार अशी आपली समजूत. झालं उलटं: १४ दिवसांत त्यातला एक तृतीयांश जिवाणूंनी संपवला. गवत मेलं आणि कुजण्याआधीच गोठलं, त्यामुळे त्यातलं खाण्याजोगं सगळं शाबूत राहिलं होतं.

आणि इथे मुखाजवळच्या मोजणीची पंचाईत होते. कोलिमाच्या मुख्य प्रवाहात, चेर्स्कीला, विरघळलेल्या कार्बनचं वय पाहिलं तर हा हिमयुगातला कार्बन फारसा दिसतच नाही. त्यावरून पर्माफ्रॉस्ट काही सोडत नाही असा निष्कर्ष काढता येतो, आणि असा निष्कर्ष चुकीचा ठरेल. ओहोळातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत येईपर्यंत तो खाल्ला गेलेला असतो, वायू होऊन गेलेला असतो. मुखाशी उभं राहून आपण उरलेल्याची गणती करतो. महिना चुकला तर नदी वेगळी दिसते हे वर आलंच. जागा चुकली तरी तेच होतं.

नद्या बदलताहेत यात वाद नाही. युरोप-आशियातल्या सहा मोठ्या नद्यांचा (ही सहांची यादी वरच्याहून वेगळी) आर्क्टिकमध्ये जाणारा विसर्ग १९३६ ते १९९९ या काळात ७ टक्क्यांनी वाढला. हिवाळी विसर्ग वाढतो आहे. काही ठिकाणी धरणांमुळे, म्हणजे येनिसेईवर क्रास्नोयार्स्कच्या धरणाखाली तर शहरापुढेही नदी भर हिवाळ्यात गोठत नाही, आणि काही ठिकाणी वितळत्या जमिनीतून भूजलाला वाटा मोकळ्या झाल्यामुळे. २००३पासूनच्या बाटल्यांचा हिशेब २०२३ साली मांडला गेला, तेव्हा या नद्यांतून समुद्रात जाणारी क्षारता, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, एकूणात वाढलेली निघाली. नायट्रेट घटलेलं निघालं. विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनचा मात्र सगळ्या नद्यांना लागू पडेल असा कल सापडला नाही. ज्याची सगळ्यांना धास्ती होती तो आकडा जागच्या जागी आणि ज्याकडे फारसं कोणी पाहत नव्हतं तो खडकातला कार्बन चढा.

मला यात आश्चर्य कमी वाटतं. पाण्याला खोल जायला मिळालं की ते पाल्याऐवजी खडकाशी बोलणार. वर्षातला हिवाळ्यासारखा भाग वाढला, असं त्या नद्यांच्या रसायनाकडे पाहून म्हणता येईल, हवामान तापत असताना. शिवाय खडकाची झीज नेहमीच हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते असंही नाही. मॅकेंझीची उपनदी पील, तिच्या पठारावर उतारच्या उतार वितळून घसरतात, त्यातल्या सल्फाइड खनिजांना हवा लागून सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि ते चुनखडकातून उलट कार्बन डायऑक्साइड सोडवतं. म्हणजे क्षारतेचा चढता आकडा पाहून खूश व्हावं की नाही, हे नदीगणिक, किंबहुना ओढ्यागणिक ठरणार.

हे ठरवायला मोजणी लागते, आणि सहापैकी चार नद्या रशियात आहेत. फेब्रुवारी २०२२नंतर रशियाबरोबरचं पाश्चात्त्य देशांचं बरंचसं वैज्ञानिक सहकार्य थांबलं. युद्धात माणसं मरत असताना पाण्याच्या बाटल्यांचं दुःख करणं मला अवघड वाटतं, तरी नुकसान ते नुकसानच. उपग्रहांना नदीमुखापाशी पाण्याचा तपकिरी रंग दिसतो आणि त्यावरून विरघळलेल्या कार्बनचा अंदाज बांधता येतो, तोही ढग नसतील तेव्हा आणि बर्फ नसेल तेव्हा. कार्बनचं वय रंगावरून कळत नाही. ते कळायला पाणीच हातात लागतं. उरलेल्या दोघींवरून बाकीच्यांचा अंदाज करावा म्हटलं तर युकॉन आणि मॅकेंझीच्या खोऱ्यांत पर्माफ्रॉस्ट बऱ्याच ठिकाणी तुटक आहे, कोलिमाच्या खोऱ्यात तो जवळपास सलग आहे, आणि येदोमाचा सर्वांत मोठा साठा सायबेरियाच्या ईशान्येला, नेमका लेना ते कोलिमा या पट्ट्यात आहे.